पाव कोणी भाजला

काशिफने केल्विनच्या गळ्यात पांढरा एप्रन अडकवला, मागची गाठ स्वतः मारली आणि दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे पाहिलं. एप्रन गुडघ्यांच्या बराच वर राहिला होता.

"यातला सगळ्यात मोठा हाच?"

"हाच आहे, सर," केल्विन म्हणाला आणि हसला.

"हसू नकोस. जर्मन माणूस कामावर हसत नाही. हनुवटी वर घे. हात मागे. मधूनमधून घड्याळाकडे बघायचं."

केल्विन रुमाव हा बेकरीचा काउंटर सांभाळायचा. वसईजवळच्या नंदाखालचा, सत्तावीस वर्षांचा, सहा फूट उंच, गोरापान आणि घाऱ्या डोळ्यांचा. शुक्रवारच्या फुटबॉलमध्ये सगळे त्याला 'जर्मन' म्हणून हाक मारत आणि त्याला ते आवडायचंही. आज पहिल्यांदाच त्याला ते जड गेलं असावं, कारण हात मागे बांधून तो शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा होता.

आखातातल्या मुऐदरमधली ही बेकरी एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर होती. पाटीवर 'जर्मन बेकरी' असं इंग्रजी आणि अरबीत लिहिलेलं. ओव्हन जर्मनीचा, राय नावाच्या काळपट धान्याचं पीठ जर्मनीचं; माणसं मात्र वसई, रत्नागिरी आणि केरळची. पीठ पाठवणारी कंपनी निवडक बेकऱ्यांना दारावर लावायला पितळेची पट्टी द्यायची आणि सोबत एक प्रमाणपत्र. पट्टी दुकानाची, प्रमाणपत्र ज्याने पाव भाजला त्याच्या नावाचं. उद्या, मंगळवारी सकाळी दहाला, कंपनीचा परीक्षक पाव तपासायला येणार होता.

आणि पाव भाजायची डोरोथी तुस्कानो. गेली सात वर्षं. त्याआधी वर्षभर तिने इथली फरशी पुसली होती, आणि तिच्या ओळखपत्रावर आजही 'हेल्पर' असंच होतं. तिला हे काम शिकवलं गेऑर्ग नावाच्या म्हाताऱ्या जर्मनाने. तो बुटका, गोल गरगरीत, रोज अर्धा तास उशिरा येणारा आणि मुलीचा फोन आला की पीठ मळता मळता रडणारा माणूस होता. काशिफ मॅनेजर होऊन आला तोवर गेऑर्ग मायदेशी गेला होता. काशिफने उभ्या आयुष्यात एकही जर्मन जवळून पाहिला नव्हता, त्यामुळे जर्मन माणसं कशी असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"याला कशाला नटवताय, काशिफभाई?" डोरोथीने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"उद्या पुढे केल्विन उभा राहील."

"आणि पाव?"

"पाव तुमचाच, आंटी. तुमच्या पावाला नाव ठेवायची कोणाची हिंमत आहे? पण परीक्षक तिकडून येणार. समोर त्याच्यासारखा कोणी दिसला की त्याला बरं वाटेल. काम सोपं होईल."

"मी सांगेन त्याला मी कोण ते."

काशिफने टायची गाठ सैल केली. तो रत्नागिरीचा, मुकादमांच्या घरातला, मनाने वाईट नव्हता. पण अडचणीत आला की त्याचा आवाज बारीक व्हायचा.

"कंपनीला फॉर्म जाऊन दोन महिने झाले. फोटोसकट. बेकर म्हणून केल्विनचं नाव आहे त्यात."

डोरोथीचे हात थांबले. केल्विन जमिनीकडे बघू लागला. पासपोर्टचा फोटो कशाला हवा होता, हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"आणि खाली मी लिहिलंय, आईची आई जर्मन."

"माझी आजी?" केल्विन ओरडलाच. "सर, माझी आजी आगाशीच्या बाजारात भाजी विकायची!"

"तिथे जाऊन कोण विचारतंय? तुम्ही वसईवाले तसेही अर्धे पोर्तुगीज."

"कोणी सांगितलं?" डोरोथी म्हणाली. "पोर्तुगीजांनी नावं दिली, रक्त नाही दिलं. केळीच्या बागा करणारी माणसं आम्ही. आडनाव बोटीतून आलं, आम्ही नाही आलो."

काशिफला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "आंटी, मालकाने मला साफ सांगितलंय. पट्टी नाही मिळाली तर इथे शावर्मा सुरू करणार. मग तुम्ही काय, मी काय, सगळेच घरी. तुम्ही उद्या आत राहा. आणि पाव जरा उजळ काढा. तुमचा काळपट होतो, जळल्यासारखा दिसतो."

डोरोथीने पिठाचा गोळा उचलून टेबलावर आपटला. टेबलावरची सुरी टणकन उडाली.

"मी पुढे उभी राहणार," ती म्हणाली. "माझं नाव मी सांगणार. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर कानात बोटं घाला."

"यल्ला, चला, उद्याचं उद्या," म्हणत काशिफ बाहेर सटकला.

संध्याकाळी तिने हे सगळं विल्यमला सांगितलं. तिचा नवरा एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात क्लार्क होता. वीस वर्षं लोकांच्या फायली लावून त्याला भांडणापेक्षा क्रम बरा वाटायचा. त्याने तळलेल्या बोंबलाचा काटा बाजूला ठेवला.

"केल्विन आपल्याच गावाकडचा मुलगा आहे. त्याच्या नावावर आलं काय, तुझ्या नावावर आलं काय. घरातलंच."

"घरातलं नाही. माझं आहे."

"काम तर टिकेल ना?"

"विल्यम, तुझ्या जागी उद्या दुसऱ्याला बसवलं आणि फायली तूच लावायच्या म्हणाले, तर?"

विल्यमने ताटात आणखी भात घेतला. तो चटकन हार मानणारा होता आणि डोरोथीला त्याचा राग यायचा. पण उत्तर नसताना तो उगाच बोलायचा नाही, हे तिला त्याच्यातलं आवडायचं. भांडी झाल्यावर ती न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहिली आणि इंग्रजीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाली. आय अॅम द बेकर. आवाज पहिल्या खेपेला खरवडल्यासारखा निघाला, पाचव्या खेपेला बरा.

सकाळी साडेसहाला तिने आंबवण पाहिलं. छान फुगलं होतं. ओव्हनच्या तापमानाचा काटा मात्र चार दिवसांपासून थरथरत होता. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचा मेकॅनिक दोन दिवस फोनवर इन्शाल्ला इन्शाल्ला करत टाळत होता. आठला तिने देवाचं नाव घेऊन पाव आत ढकलले आणि सांडलेलं पीठ झाडायला घेतलं.

मागच्या दारात माणूस उभा होता. सावळा, ठेंगणा, जाड मिशीचा, हातात काळी बॅग, बुटांवर धूळ.

"आ गये? परसों बुलाया था," डोरोथी म्हणाली.

त्याला हिंदी कळलं नाही. "गुड मॉर्निंग. मी जरा लवकर आलो," तो इंग्रजीत म्हणाला.

"लवकर?" डोरोथीही इंग्रजीवर आली. "दोन दिवस उशीर झालाय. तो बघा, डावीकडचा. काटा थरथरतो."

माणसाने काट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून बॅग उघडली, एक लांब थर्मामीटर काढला आणि ओव्हनच्या बाजूच्या भोकातून आत सरकवला. थोडा वेळ थांबून त्याने पाना घेतला आणि काट्यामागचा एक स्क्रू आवळला. काटा स्थिर झाला.

"ओव्हन उत्तम आहे. फक्त काटा सैल होता."

"शुक्रन. पैसे काशिफसाहेब देतील, दहाला."

तिने त्याला कागदी कपातून चहा दिला. तो उभ्यानेच प्यायला. त्याची नजर आंबवणावरून, टेबलावरून, तिच्या हातातल्या झाडूवर आली.

"बेकर कुठे आहे?" त्याने विचारलं.

रात्रभर घोकलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण ते परीक्षकासाठी होतं, उंच, गोऱ्या, घड्याळ बघणाऱ्या माणसासाठी. मेकॅनिकवर कशाला खर्च करायचं? शिवाय तिला रागही आला. समोर ओव्हन धगधगतोय, कोपरापर्यंत पीठ लागलंय, आणि तरी हा विचारतो बेकर कुठे.

"दहाला येईल," ती तुटकपणे म्हणाली.

पन्नास मिनिटांनी तिने ओव्हनचं दार उघडलं. पाव बदामी झाले होते, सुरेख. आणखी दहा मिनिटं ठेवायला हवे होते. गेऑर्ग म्हणायचा, जळेल अशी भीती वाटेपर्यंत भाज आणि मग अजून थोडा. सात वर्षं तिने तसंच केलं होतं. आज तिचा हात दारावर थांबला. उजळ काढा. जळल्यासारखा दिसतो. काशिफच्या बोलण्याला तिने काडीचीही किंमत दिली नव्हती, तरी ते कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. आजच्या दिवशी कोणी काळा म्हणायला नको.

तिने लांब दांड्याची फळी आत सारली आणि पाव बाहेर काढले.

"झाले?" त्या माणसाने विचारलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"साहेबांना जास्त काळे नको आहेत."

तो बॅग उचलून बाहेर गेला.

दहाला पाच मिनिटं असताना काशिफ दुकानाच्या काचेपाशी उभा होता. काउंटरवर फुलांचा गुच्छ. केल्विन एप्रनमध्ये, हनुवटी वर, घामाने निथळत. डोरोथी स्वच्छ साडी नेसून, केसांना जाळी लावून आतून आली आणि सरळ काउंटरच्या पुढे उभी राहिली. काशिफने डोळ्यांनी विनवलं. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"जर्मन माणूस दहा म्हणजे दहाला येणार," काशिफ रस्त्याकडे बघत पुटपुटला. "गाडी कुठे दिसत नाही."

दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो मेकॅनिक अर्ध्या तासापासून बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले तसा तो उठला.

"भाई, पैसे नंतर," काशिफ मान न वळवता हिंदीत म्हणाला. "अभी मेहमान आनेवाले हैं."

माणसाने खिशातून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. काशिफने ते वाचलं. उलटून कोरी बाजू पाहिली, परत वाचलं. कंपनीचं चिन्ह होतं. इलियास आयदिन, मास्टर बेकर आणि परीक्षक. खाली जर्मनीतल्या एका गावाचा पत्ता.

"आपण... जर्मनीहून?"

"जन्मापासून," इलियास म्हणाला. "वडील तुर्कस्तानातून आले होते. चाळीस वर्षं झाली. पाव कुठे आहेत?"

काशिफ गुच्छ द्यायचा विसरला. डोरोथीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ज्याच्यासमोर वाक्य म्हणायचं म्हणून तिने रात्र घालवली, त्याच्याकडून तिने ओव्हनचा काटा दुरुस्त करून घेतला होता. आणि वर पैसे दहाला मिळतील म्हणून सांगितलं होतं! लाजेने तिला तिथून आत पळून जावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

इलियासने पाव उलटा करून बोटाने वाजवला. कापला. आतला गर अंगठ्याने दाबला आणि किती वेळाने वर येतो ते पाहिलं. वास घेतला, एक तुकडा डोळे मिटून बराच वेळ चावला. फॉर्मवर आकडे लिहीत गेला.

"आंबवण उत्तम आहे," तो शेवटी म्हणाला. "मळणं उत्तम. या भागात मी इतकं चांगलं पाहिलेलं नाही. पण पाव कच्चा आहे. गर अंगठ्याला चिकटतो, कवचाला चव आलेली नाही. दहा मिनिटं कमी भाजलाय. पास करता येणार नाही."

काशिफचा चेहरा उतरला. इलियास केल्विनकडे वळला. "तुम्ही बेकर. इतका लवकर का काढायला लावला?"

केल्विनने तोंड उघडलं आणि काशिफकडे पाहिलं.

"सर, हा नवा आहे," काशिफ घाईघाईने म्हणाला. "चूक त्याची आहे. आम्ही दुसरा माणूस आणू. आजच त्याला बदलतो."

केल्विनचे घारे डोळे भरून आले. एप्रनची गाठ सोडायला त्याने हात मागे नेला.

"पाव माझा आहे," डोरोथी म्हणाली.

"आंटी, गप्प बसा," काशिफ मराठीत कुजबुजला. "नापास झालाय तो. आता कशाला मध्ये पडता?"

"आता म्हणूनच. पास झाला असता तर कोणीही म्हटलं असतं माझा."

ती इलियाससमोर गेली. आरशासमोरचं वाक्य आता अपुरं होतं, म्हणून तिने ते सोडून दिलं आणि येईल तसं इंग्रजी बोलली. "पीठ मी मळलं. मीच भाजला. पन्नास मिनिटं. साठ हवी होती, मला माहीत होतं. काळा दिसेल म्हणून घाबरले. या मुलाला पीठ मळताही येत नाही. त्याची आजी जर्मन नाही. ओव्हनचा दोष नाही, ते तुम्हीच पाहिलंत. दोष माझा."

इलियासने पेन खाली ठेवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बेकर कुठे आहे."

"आणि मी म्हटलं, दहाला येईल."

"मी फक्त झाडू पाहिला," तो म्हणाला. "माफ करा."

"मी फक्त बॅग पाहिली. मीही माफी मागते."

तो पहिल्यांदाच हसला. पुढचे दात थोडे वाकडे होते. "मी लवकर आलो की लोक मला काहीतरी दुरुस्त करायला देतातच. गेल्या वर्षी एका हॉटेलात मी नळ बसवून दिला."

मग त्याने फॉर्म सरळ केला आणि केल्विनच्या नावावर फूटपट्टी ठेवून रेघ मारली. खाली आजीबद्दलची ओळ होती. "असा रकाना आमच्या फॉर्मात नाहीच," असं म्हणत त्याने तीही खोडली. "आपलं नाव?"

तिने सांगितलं. अक्षर अक्षर सुटं करून. त्याने ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पुढे बेकर असं लिहिलं; खालच्या ओळीत निकाल, नापास.

"दुसरा घाणा तयार आहे," डोरोथी म्हणाली. "तासाभरात देते. थांबता?"

"नाही. एका भेटीत एकच घाणा तपासायचा, असा नियम आहे."

"एक तास फक्त!"

"नियम आहे. तीन महिन्यांनी."

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की या माणसाने मेहेरबानी म्हणून पास केलं असतं तर तो कागद तिने कधीच कोणाला दाखवला नसता.

"ठीक," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी. मागच्या दाराने नका येऊ."

तो गेल्यावर काशिफ खुर्चीत बसला आणि फुलांकडे बघत राहिला. "मालकाला मी काय सांगू?"

"सांगा, बेकर जूनमध्ये परत परीक्षेला बसतेय. तोवर शावर्मा थांबवा. आणि त्यांच्यासमोर तुम्हाला बोलवत नसेल तर मी येते." तिने इलियासने दुकानासाठी ठेवलेला फॉर्म उचलला. "याची झेरॉक्स हवी मला."

"नापासाची झेरॉक्स?"

"हो. दोन काढा."

काशिफ उठून मशीनकडे गेला. केल्विनने एप्रन काढून तिच्या हातात दिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण डोरोथी दुसऱ्या घाण्यासाठी आत गेली होती.

संध्याकाळी तिने कागद विल्यमच्या पुढ्यात ठेवला. त्याने चष्मा लावला. आयुष्यभर कागद वाचत आलेला तो माणूस, पण हा वाचताना त्याने बोट ओळीवर ठेवलं.

"डोरोथी तुस्कानो," त्याने मोठ्याने वाचलं. "बेकर." त्याने मान वर केली. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "बेकर म्हणून लिहिलंय गं. वसईला फोन लावतो, आईला वाचून दाखवतो." त्याने कागदाची घडी घातली आणि फोनकडे हात नेला.

डोरोथीने घडी पुन्हा उघडून कागद त्याच्यासमोर सरळ केला.

"पुढचंही वाच," ती म्हणाली.